प्रश्न उद्भवत नाही

तहसीलदार व्हायचं तर राज्यसेवेची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी सिंधू संस्कृतीपासून चलनवाढीपर्यंत सगळं घोकावं लागतं. देवी कधी झोपते आणि कधी उठते, हे मात्र त्या अभ्यासक्रमात नाही. तुळजापूरला नेमणूक झाली की नेमकं तेच पहिल्या भाद्रपदात समोर येतं. तुळजाभवानी मंदिर संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि व्यवस्थापनाची जबाबदारी तहसीलदारावर, अशी तिथली जुनी व्यवस्था आहे. देवी वर्षातून तीनदा पलंगावर निद्रा घेते. नवरात्राच्या आधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. विधी पुजारी करतात, पण दर्शनाच्या वेळा, रांगा, बंदोबस्त, पिण्याचं पाणी, नगरकडून निघालेला पलंग कुठवर आला याची चौकशी, हे सगळं सरकारी फोनवरून चालतं. देवीच्या निद्रेच्या तिथी पंचांगात पक्क्या आहेत. तहसीलदाराच्या निद्रेबद्दल अद्याप एकही शासन निर्णय निघालेला नाही.

सरकारी माणूस काम करत नाही, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. काम तो करतो, फक्त तो करतो ते काम त्याचं नसतं. त्याचं जे काम असतं त्यासाठी त्याला वेळ मिळत नाही, कारण तो दुसऱ्या खात्याचं काम उरकत असतो. आणि त्या दुसऱ्या खात्याचा माणूस कुठे असतो? तो निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेला असतो.

तलाठ्याचंच बघा. गावात त्याला कुणी भाऊसाहेब म्हणतं, कुणी आप्पा. अलीकडे सरकारने त्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ केला, ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि कोतवालाचा ‘महसूल सेवक’. पाट्या रंगवणाऱ्याला चार दिवस काम मिळालं. गाव अजून आप्पाच म्हणतं, आणि आप्पाही हाक ऐकून वळून बघतात.

गावाची सगळी कुंडली या आप्पांच्या कपाटात २१ नमुन्यांत बंद असते. त्यातला सातवा आणि बारावा जोडून सातबारा होतो, इतकं पोराटोरांना ठाऊक आहे. सहावा नमुना फेरफाराचा, म्हणजे भावाभावांतली भांडणं सरकारी भाषेत लिहून ठेवायचा. आठ-अ खात्याचा. पण विसावा नमुना कशाचा, हे विचारलं तर भले भले गप्प होतात. तो पोस्टाच्या तिकिटांच्या हिशेबाचा. गावची हजारो एकर जमीन आणि पाकिटाला डकवायचं तिकीट, दोन्हींचा जबाब एकाच माणसाने द्यायचा. जमिनीचा घोळ झाला तर निदान अपील करता येतं. तिकीट हरवलं तर लेखापरीक्षणाचा मुद्दा निघतो, आणि लेखापरीक्षणाचा मुद्दा माणूस निवृत्त झाला तरी निघून जात नाही.

पाऊस मोजणं हेही महसूल खात्याचं काम, म्हणजे पडेल ते आकाशाचं आणि मोजेल तो सरकारचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आता पाऊस ६४ वर थांबला तर काय? वाहून गेलेलं सोयाबीन तेवढंच वाहून गेलेलं असतं, पण ती अतिवृष्टी होत नाही. शेतकरी मग शिव्या घालतो. पावसाला नव्हे, आप्पांना. नुकसान झालंच तर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी तिघांची वरात बांधाबांधाने निघते. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर मदत, खाली असेल तर सहानुभूती. घोटाभर चिखलात उभं राहून समोरची कपाशी ३३ टक्के मेली आहे की ३१, हे तिघांनी एकमताने ठरवायचं, आणि शेतकरी तिथेच हातात दगड न घेता उभा आहे याचं मनातल्या मनात कौतुक करायचं. तिघांपैकी एकाचे बूट नेहमी नवे असतात. तो त्या महिन्यात बदलून आलेला.

२०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, की नोंद झाली. तलाठ्याचं ओझं हलकं होणार म्हणून चावडीत चहा झाला. दुसऱ्या दिवसापासून लोक मोबाईल घेऊन चावडीत यायला लागले. “आप्पा, रेंज नाही.” “आप्पा, तुरीचा फोटो काढला तर गट नंबर शेजाऱ्याचा दाखवतोय.” “आप्पा, ह्यात पोराचा अंगठा लागला आणि सगळंच गेलं.” पूर्वी आप्पा चावडीत बसून पिकं लिहायचे, आता रानात उभे राहून रेंज शोधतात. टेकाडावरच्या म्हसोबापाशी दोन कांड्या येतात म्हणे, त्यामुळे देवाची वर्दळ मात्र वाढली आहे.

आणि तरी गावात कुणालाही विचारा, आप्पा सापडत नाहीत, हीच तक्रार. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजे असतात. चावडीला कुलूप दिसलं की कोतवाल सांगतो, दुसऱ्या सजाला गेलेत. दुसऱ्या सजातला कोतवालही तेच सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात. आप्पा तहसीलला बैठकीत असतात. बैठकीचा विषय: तलाठी मुख्यालयी थांबत नसल्याबाबत.

शिक्षकाची गोष्ट आणखी निराळी, कारण त्याच्या बाजूने प्रत्यक्ष कायदा उभा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला शिक्षणाखेरीज दुसरं काम देऊ नये, अपवाद फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. वाचताना वाटतं, सुटला बिचारा. पण आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत एवढ्या निवडणुका असतात, आणि त्यांची मतदार यादी बारा महिने तेरा काळ शुद्ध होत असते. जी यादी कायम शुद्ध करावी लागते ती कधीच शुद्ध नसते, हे मास्तरांना कळतं, पण ते बोलत नाहीत. ते घरोघर जाऊन विचारतात, “आजोबा आहेत का?” सून आतून म्हणते, “वारले की, मागच्या वेळीच लिहून नेलं होतं तुम्ही.” मास्तर यादी बघतात. आजोबा यादीत ठणठणीत असतात.

दुपारी खिचडी. ती मुलांना वाढण्याआधी शाळेतल्या कुणीतरी चाखायची आणि चव नोंदवहीत अभिप्राय लिहून सही करायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याची चेष्टा नाही. पण या नोंदवह्या कुणीतरी वाचायला हव्यात. पानामागून पान: ‘चव चांगली.’ ‘चव चांगली.’ ‘चव उत्तम.’ एखाद्या दिवशी हळद जास्त झाली असेल, तेव्हा ‘चव बरी’. इतका एकमुखी अभिप्राय मराठीत आजवर कुठल्याही पुस्तकाला मिळालेला नाही. खिचडी संपली तरी काम संपत नाही, तांदळाची पोती उरतात. रिकाम्या बारदानाचा हिशेब ठेवायचा, पोती विकायची, पैसे भरायचे, पावती जपायची. पोतं उंदराने कुरतडलं तर उंदराचं काय करायचं, याबद्दल मार्गदर्शन मागवलेलं असतं. ते आलेलं नसतं.

पण सगळ्यात थोर काम होतं ते गुड मॉर्निंग पथकाचं. गावं हागणदारीमुक्त करायची म्हणून पहाटे अंधारात हे पथक निघायचं. ग्रामसेवक, पंचायत समितीचा एखादा विस्तार अधिकारी, आणि संख्या भरायला गुरुजी. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी, आणि सौम्य धोरण असेल तर पिशवीत गुलाबाची फुलं. ओढ्याकाठी डबा घेऊन निघालेला माणूस दिसला की त्याला अडवून, नमस्कार करून फूल द्यायचं. या प्रसंगाचा विचार दोन्ही बाजूंनी करून बघा. एका हातात डबा असलेल्या माणसाने दुसऱ्या हातात गुलाब घ्यायचा, आणि तोही भल्या पहाटे, आपल्या पोराच्या वर्गशिक्षकाकडून. त्याला थांबता येत नाही आणि गुरुजींना त्याच्याकडे बघता येत नाही. दोघंही एकमेकांना न ओळखल्यासारखं करतात. त्याच दिवशी अकराला पालकसभा असते. तिथे गुरुजी स्वच्छतेचं महत्त्व सांगतात आणि पहिल्या रांगेतला एक पालक आढ्याकडे बघत बसतो.

वनरक्षकाला निदान माणसांशी फार बोलावं लागत नाही, असा माझा समज होता. जुन्नर भागातल्या उसाने तो घालवला. उसात बिबटे राहतात, उसातच पिल्लं वाढवतात, आणि माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. पण या पट्ट्यात लोकांनी बिबट्याची मालकी कधीच ठरवून टाकली आहे. फोन येतो तोच असा: “साहेब, तुमचा बिबट्या आलाय, घेऊन जा.” रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि साहेबाकडे एक काठी, एक पिंजरा आणि तो पिंजरा उचलायला गावकरी, इतकी सामग्री असते. पिंजऱ्यात शेळी बांधावी लागते. ती कुणाची, याची नोंद. बिबट्याने दुसरीच शेळी नेली तर तिचा पंचनामा, मग नुकसानभरपाई. शेळी बिबट्याने मारली की कुत्र्याने, हे दातांच्या खुणांवरून ठरवायचं, आणि मालकाचा आग्रह मात्र नेहमी बिबट्याचाच. कुत्र्याने मारलेल्या शेळीला सरकारदरबारी किंमत नसते.

ही झाली दिसणारी माणसं. जी खाती दिसतच नाहीत त्यांची तर यादीही लांब आहे. समुद्राचं खारं पाणी भातखाचरात शिरू नये म्हणून कोकणात बांध घालणारं खारभूमीचं खातं आहे, रेशीमकिड्यांसाठी संचालनालय आहे, कारखान्यांच्या बाष्पकांची तपासणी करणारे निरीक्षक आहेत. पशुगणनेत तर दारातल्या जनावराची जातकुळीही विचारतात, आणि गाईपासून डुकरापर्यंत कुणीही उत्तर द्यायला नकार देत नाही. जनगणनेत माणसांचा एवढा चांगला अनुभव येत नाही, असं प्रगणकच सांगतात.

पण खात्यांचं हे सगळं जाळं एकाच वेळी हलतं कधी, हे बघायचं असेल तर अधिवेशनाची वाट बघावी. त्यातही हिवाळी, म्हणजे अख्खं मंत्रालय पेट्या बांधून नागपूरला जातं तेव्हा. एखादा आमदार तारांकित प्रश्न टाकतो. समजा, कठडे नसलेल्या विहिरींबद्दल. प्रश्नाची भाषा ठरलेली: राज्यात कठडे नसलेल्या विहिरींमुळे अपघात होत आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, अशा विहिरी किती, त्यांना कठडे बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय?

हा प्रश्न मंत्रालयातून खाली निघतो. मंत्रालयाला माहिती शुक्रवारी हवी असते, म्हणून ते आयुक्तांना बुधवार सांगतात. आयुक्त शहाणे असतात, ते जिल्हाधिकाऱ्यांना मंगळवार सांगतात. जिल्हाधिकारी प्रांताला सोमवार, प्रांत तहसीलदाराला रविवार. असं करत तो कागद मंडळ अधिकाऱ्यामार्फत आप्पांच्या व्हॉट्सअॅपवर पडतो तेव्हा मुदत काल संपलेली असते. संदेशावर तीन लाल उद्गारचिन्हं असतात आणि वर लिहिलेलं असतं, ‘अतितात्काळ, विधानसभा, आजच्या आज, व्यक्तिशः लक्ष घालावे.’ खाली एक तक्ता. तो घाईत जुन्याच कुठल्या तरी लाभार्थ्यांच्या तक्त्यावरून केलेला, त्यामुळे विहिरींचे रकाने ‘पुरुष’, ‘महिला’ आणि ‘दिव्यांग’ असे पडलेले असतात.

आप्पा कोतवालाला विचारतात, “कठडा नसलेल्या विहिरी किती असतील रे गावात?”

“कठडा असलेली एक आहे आप्पा. पाटलांची. बाकीच्या मोजायच्या का?”

मोजायला गेलं तर दोन दिवस जातील आणि इथे काल मुदत संपली आहे. शिवाय जास्त आकडा दिला की उद्या वरून विचारणार, इतक्या आहेत तर आजवर का कळवलं नाही? कमी दिला आणि उद्या एखादी म्हैस पडली तर? या पेचातून सरकारी गद्याने शतकभर खपून एक वाट काढून ठेवली आहे. आप्पा सगळ्या रकान्यांत ‘निरंक’ लिहितात. पुरुष निरंक, महिला निरंक, दिव्यांग निरंक.

तालुक्यात असे सगळे निरंक गोळा होतात. त्यांची बेरीज करायला एक लिपिक रात्री नऊपर्यंत थांबतो. निरंकांची बेरीज निरंकच येते, पण ती विहित नमुन्यात, युनिकोडमध्ये, पीडीएफ आणि एक्सेल अशा दोन्हींत पाठवायची असते. एखाद्या नवख्या तलाठ्याने खरोखर हिंडून विहिरी मोजलेल्या असतात आणि खरा आकडा दिलेला असतो. त्याला तहसीलमधून फोन जातो. “अहो, तुमच्या एकट्याच्याच गावात कशा काय विहिरी? जरा फेरपडताळणी करा.” तो बिचारा करतो. पुढच्या अधिवेशनापर्यंत तोही निरंकाला पोचतो.

शुक्रवारी सभागृहाच्या पटलावर छापील उत्तर येतं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) माहिती संकलित करण्यात येत आहे. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

मला हे शेवटचं उत्तर फार आवडतं. इतक्या माणसांची झोप, एक अख्खा रविवार, दीडशे व्हॉट्सअॅप संदेश आणि तीन प्रकारचे तक्ते खर्ची घालून एवढ्या शांतपणे ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणायला फार मोठी साधना लागते. आणि म्हशीला तर हे उत्तर वाचताच येत नाही.

असा विलंब होऊ नये म्हणून आपल्या राज्यात कायदा आहे, हेही सांगून ठेवतो. त्याचं नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. नाव संपेपर्यंतच थोडा विलंब होतो. या कायद्यानुसार कुठल्याही अधिकाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि ‘तात्काळ’ची निकड असेल तर त्याहूनही लवकर हलली पाहिजे. विलंबाला प्रतिबंध करणारा हा २००५चा कायदा अमलात आला तो १ जुलै २००६ला.

नंतर वेळेची शिस्तही बारीक होत गेली. २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा आला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. २०२२च्या गांधी जयंतीपासून फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या जागी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं ठरलं. त्याचा एक फायदा झाला. “वंदे मातरम्, साहेब जागेवर नाहीत” हे वाक्य “हॅलो, साहेब जागेवर नाहीत” यापेक्षा कितीतरी भारदस्त वाटतं, आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायचा धीर होत नाही. शिवाय २०१९च्या एका शासन निर्णयाने जेवणाची सुट्टी पक्की केली होती: दुपारी १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास.

हा शेवटचा निर्णय तोंडपाठ असलेले एक निवृत्त तलाठी आमच्या आळीत राहतात. त्यांनाही सगळे आप्पाच म्हणतात. नोकरीत असताना दर वर्षी निराधार योजनेतल्या म्हाताऱ्यांना हयात असल्याचे दाखले हे देत असत. म्हातारी समोर उभी राहून खोकत असली तरी रहिवासाचा पुरावा बघितल्याशिवाय ती हयात आहे असं लिहायचे नाहीत. आता नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी आप्पांनाच स्वतःची हयात सिद्ध करावी लागते. गेल्या खेपेला त्यांचा अंगठा यंत्राने ओळखला नाही. चार बोटं लावली, ती तेल लावून, पुसून, फुंकर मारून पुन्हा लावली. यंत्राच्या मते आप्पा अंशतः खरे होते. मग नाव कागदावर घ्यायला त्यांना एका कचेरीत जाऊन यायला सांगितलं.

आप्पा पोचले तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि खुर्ची रिकामी होती. टेबलावर चष्मा, त्याच्याखाली फाईल, पंखा सुरू.

“साहेब जेवायला गेलेत,” शिपाई म्हणाला.

आप्पांच्या अंगात जुनं रक्त सळसळलं. “एक ते दोनमध्ये जास्तीत जास्त अर्धा तास. २०१९चा शासन निर्णय आहे. काढून दाखवू का?”

शिपायाने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग तंबाखूची डबी खिशात ठेवत म्हणाला, “दाखवा की आप्पा. पण तुम्ही आधी हयात आहात का, ते साहेबांना येऊन ठरवू दे.”